बेलाच्या लग्नाचं पाणी

जुहूजवळच्या आंबोलीतल्या आमच्या विहिरीत म्युनिसिपालिटीच्या माणसाने गप्पी मासे सोडले होते, डासांच्या अळ्या खायला. तो महिन्यातून एकदा डोकवायचा, मी रोज. त्याच पाण्याने माझ्या सात महिन्यांच्या ऑगीची आंघोळ व्हायची. उकळायचे, गाळायचे, तरी जीव थाऱ्यावर नसे. नवरा म्हणायचा, "तुला बीएस्सी करून तुझ्या डॅडींनी माझी वाट लावली."

ईस्टरच्या सुमाराला विहिरीत पिल्लं दिसेनाशी झाली. जी दिसली ती पाठीत वाकलेली, एकाच जागी गोल फिरणारी.

घरात नणंदेच्या, बेलाच्या लग्नाची धावपळ. जहाजावर असलेल्या दिराने, गिल्बर्टने, ऊन लागू नये म्हणून तिला परदेशी लोशनच्या बाटल्या आणल्या होत्या. ते अंगभर फासून बेला मैत्रिणींबरोबर जुहूला जायची आणि आली की विहिरीच्या कट्ट्यावर आंघोळ करायची. पूर्वी ते पाणी चरातून केळींकडे जायचं. मांडवासाठी अंगण सपाट करताना सासूबाईंनी चर बुजवला. आता पाणी कट्ट्याशी तुंबून कठड्याच्या भेगेतून परत विहिरीत झिरपत होतं.

एकदा मीही ते लोशन ऑगीच्या गालांना लावलं होतं. आठवलं आणि ठरवलं, त्या लोशनचीच परीक्षा घ्यायची.

दोन बरण्यांत शेजारच्या विहिरीचं पाणी भरलं, तिथल्याच तीन-तीन पोटुशा माद्या सोडल्या. एका बरणीत थोडं लोशन कालवलं.

"बाळाला सोडून मासे पाळतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"माय, तीन आठवडे हात लावू नका."

"पाहुण्यांना हेच वाढणार काय गं, वहिनी?" बेला हसली.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा साध्या बरणीत बावीस पिल्लं होती, काचेवर तोंडं आपटत. दुसरीत सहा. चार तळाशी पडलेली, दोन वाकडी.

बेलाचं हसणं गेलं. "म्हणजे मी केलं हे?"

"दोन बरण्यांवरून नक्की सांगता नाही येत गं. कदाचित साबणही असेल. पण विहिरीत आपलं काहीच जायला नको."

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"चर उघडायचा, माय. भेग बुजवायची. विहीर उपसायची."

"वेडी झालीस? मांडवाचे बांबू रोवलेत! पाहुणे चरात पडून पाय मोडतील!"

"आणि उंबराचं पाणी कुठून आणणार?"

लग्नाआधी बायका बँड लावून याच विहिरीवरून उंबराचं पाणी आणतात, त्याने नवरीला न्हाऊ घालतात. सासूबाईंनी स्वतः त्यांच्या माहेरी अशाच पाण्याने आंघोळ केली होती, मीही माझ्या माहेरी. त्यांनी बरणी उजेडात धरली. वाकडं पिल्लू एक गिरकी घेऊन तळाला गेलं. त्यांनी ऑगीकडे पाहिलं, मग बेलाकडे.

"हिला पोरं व्हायचीत अजून," त्या पुटपुटल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि फावडं उचललं. "बघत काय उभ्या राहिलात? बांबू उपटा!"

मांडव चिंचेखाली गेला. विहीर दोन दिवस उपसली, गप्पी बादल्यांत काढून ठेवले, नवे झरे फुटल्यावर परत सोडले. ऑगीला मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गाल तपासले, त्याने त्यांचा चष्मा ओढला. "ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही जरा झोपत जा."

उरलेल्या बाटल्या गिल्बर्टला परत गेल्या. लग्नाच्या फोटोंत बेला चांगली सावळी दिसते, आणि सगळ्यांत जास्त हसणारीही तीच.

लग्नानंतर महिन्याभराने ती माहेरी आली. पिशवीसुद्धा खाली न ठेवता थेट कठड्याशी गेली.

"वहिनी! ये गं लवकर!"

ऑगीला कडेवर घेऊन मी धावले. दगडाच्या सावलीत तांदळाएवढी पिल्लं होती, मोजता न येणारी. ऑगीने हात आपटला आणि सगळी एकदम सुळकन पळाली. सरळ.

"बघ," बेला म्हणाली. मी कितीतरी वेळ बघत राहिले.