बंबखान्यातला कॅप्टन

"कडू आहे गं. यापेक्षा काढा बरा," एकच घोट घेऊन वहिनींनी पेला सुनेकडे सरकवला आणि रुमालाने ओठ टिपले.

सून हसली. "आई, हीच तर इथली सगळ्यात गोड बीअर आहे म्हणे! थांबा, तुमच्यासाठी लिंबूसोडा सांगते."

दुपार कलत आली होती आणि बार निम्माच भरला होता. वहिनी बसल्या जागेवरून सगळं न्याहाळत होत्या. पूर्वी हा बंबखाना होता, तेव्हा इथे दोन लाल बंब शेजारी शेजारी उभे असायचे. आता तिथे ढेरपोट्या स्टीलच्या टाक्या होत्या आणि बीअर म्हणे त्यांतच तयार होत होती. डिझेलच्या जागी भिजलेल्या धान्याचा आंबूस वास सुटला होता. वरच्या मजल्यावरून जवान घसरत खाली यायचे तो पितळी खांब मात्र मालकाने ठेवला होता. एक जोडपं त्याला टेकून फोटो काढत होतं.

लग्नानंतरच्या दिवसांत नवऱ्याचा डबा घेऊन वहिनी या इमारतीच्या दारापर्यंत कितीदा आल्या होत्या. पण बाहेरच्या माणसांना आत यायला मनाई होती. दारात उभं राहायचं, कुणीतरी ओरडायचं, "अरे, वहिनी आल्या!" आणि नवरा हात पुसत बाहेर यायचा. पुढे तो आगीत गेला. वहिनींनी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुण्यात आणि इस्त्री करण्यात हयात काढली, तिथेही सगळे त्यांना वहिनीच म्हणू लागले. नवऱ्याची कामाची जागा आतून बघायचा योग आज पहिल्यांदाच येत होता.

योग आणला होता सुनेने. तिच्या ऑफिसातली मुलं इथे येऊन गेली होती. इथे एक जुने फायरमन बसतात आणि काय भन्नाट किस्से सांगतात, असं ती मुलं सांगत होती. वर्णनावरून सुनेने ओळखलं, हे तर आपले काका. "न सांगताच जाऊ," ती म्हणाली, "कसे दचकतात बघा."

काका म्हणजे वहिनींचे भाऊजी. सख्खे नव्हेत, नवऱ्याचे जोडीदार. पण सख्ख्यांनी केलं नसतं इतकं त्यांनी केलं. मुलाला सायकल शिकवली, गळकं छप्पर स्वतः चढून नीट केलं आणि मुलाच्या लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले.

"कॅप्टन, त्या दिवशी गोष्ट अर्धीच राहिली!" टाक्यांच्या पलीकडून कुणीतरी ओरडलं. "गाद्यांच्या कारखान्याची!"

"आधी पेला भर, मग गाडी पुढे सरकेल," भाऊजींचा आवाज आला. हशा पिकला.

"कॅप्टन?" वहिनी सुनेच्या कानाशी लागल्या. "साधे जवान म्हणून लागले, साधे जवान म्हणूनच रिटायर झाले. हे प्रमोशन कधी मिळालं?" दोघी तोंडावर हात धरून हसल्या.

गाद्यांचा कारखाना म्हणजे वहिनींचा नवरा गेला तीच आग. तरी त्या सावरून बसल्या. बरं झालं, त्यांना वाटलं, नवऱ्याची गोष्ट सुनेच्याही कानावर पडेल.

"तर आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर," भाऊजी सांगत होते. "धूर असा, की स्वतःचा हात दिसेना. आणि वरून हाक आली. वॉचमन अडकलेला. माझा जोडीदार जिन्यातच थिजला. भित्रा नव्हता, चांगला गडी होता. पण होतं असं कधीकधी. पायच उचलेनात बिचाऱ्याचे."

वहिनींचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"मी म्हटलं, अरे, तुझ्या घरी तान्हं पोर आहे. माझा मास्क काढला, त्याच्या तोंडावर बांधला, दिला ढकलून बाहेर. आणि वळलो मागे."

"आई," सून पुटपुटली, "म्हणजे बाबा... घाबरले होते?"

वहिनींना आगीच्या दिवशीची ती संध्याकाळ आठवत होती. दारात हेच भाऊजी उभे होते. तोंड काळं, भुवया जळालेल्या. उंबऱ्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. "वहिनी, मी थिजलो हो. माझे पाय उचलेनात. त्याने स्वतःचा मास्क मला बांधला, मला ढकललं आणि परत गेला. वॉचमनला खिडकीतून खाली सोडलं त्याने. आणि मग मजलाच बसला." वहिनी तेव्हा कोसळलेल्याच होत्या, पण या माणसाकडे बघून त्यांनी स्वतःला आवरलं. "तुम्ही तरी वाचलात," त्या म्हणाल्या होत्या. "आणि हे पुन्हा कुणाजवळ बोलू नका. लोक तुम्हाला जगू द्यायचे नाहीत." त्या स्वतःही कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. मुलाजवळसुद्धा नाही. "बाबा कामावर असताना गेले," एवढंच त्याला सांगितलं. मुलाच्या वाट्याचा बाप त्यांनी या माणसाची अब्रू झाकायला खर्ची घातला होता.

त्या उठल्या.

"आई, कुठे?"

टाक्यांना वळसा घालून त्या पलीकडच्या लांब टेबलाशी गेल्या. सात-आठ तरुण मुलं-मुली आणि मधोमध भाऊजी. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात फेसाळता पेला. त्यांनी वर बघितलं. पेला टेबलावर ठेवताना थोडी बीअर सांडली.

"वहिनी," ते कसेबसे म्हणाले, "तुम्ही इथे?"

"सांगा ना, भाऊजी." वहिनींनी रिकामी खुर्ची ओढली. "पुढे काय झालं?"

"या ना, काकू, बसा!" एक मुलगी कौतुकाने म्हणाली. "तुम्हीपण ओळखता कॅप्टनना?"

"ओळखत होते."

सून येऊन वहिनींच्या मागे उभी राहिली.

"मग, कॅप्टन? तुम्ही मागे वळलात..." त्या मुलीने विचारलं.

भाऊजी टेबलावरच्या ओल्या वर्तुळावर बोट फिरवत राहिले. वहिनी त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या. अजूनही वेळ गेली नव्हती. त्यांनी आत्ता खरं सांगितलं असतं, तर वहिनींनी तिथल्या तिथे सगळं पोटात घातलं असतं. तशी त्यांना सवय होती.

"मग," भाऊजी म्हणाले, "वॉचमनला काढलं. आणि... आम्ही दोघंही बाहेर आलो."

"दोघंही सुखरूप?" मुलीने विचारलं.

"दोघंही."

टाळ्या पडल्या. कुणीतरी पेला उंचावला. भाऊजींनी मान वर केली नाही.

वहिनींनी सुनेचा हात धरला आणि उंच लाल दरवाजातून त्या बाहेर पडल्या. रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, भाजीवाला ओरडत होता. स्टॉपवर पोचेपर्यंत मागून धापा टाकत भाऊजी आलेच.

"वहिनी, थांबा. माझं ऐका. तिथे मला मान देतात हो. घरी कोण विचारतं? एकदा चुकून तसं सांगितलं गेलं, मग मागे फिरता येईना. आज तुम्हाला बघितल्यावर तो गेला असं मला बोलवेना, म्हणून मी..."

"म्हणून दोघांनाही बाहेर काढलंत."

"हो."

"मग त्यांना कुठे सोडून आलात, भाऊजी?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. "मी घरी वाट बघत होते."

सून एकदा वहिनींकडे, एकदा भाऊजींकडे बघत होती. थिजलं कोण होतं, ते तिला हळूहळू उमगत होतं.

बस आली. तिची पायरी उंच होती आणि हॉस्पिटलात वर्षानुवर्षं ओल्या चादरी उचलून वहिनींच्या गुडघ्यांनी कधीच राम म्हटला होता. भाऊजींनी आधारासाठी हात पुढे केला.

वहिनींनी दोन्ही हातांनी दांडी धरली. पहिल्या खेपेला पाय पोचला नाही. मागे माणसं खोळंबली, कंडक्टर "चला, चला" करू लागला. वहिनींनी श्वास घेतला, गुडघ्यावर हात रोवला आणि त्या आपल्या आपण वर चढल्या.