सव्वीस जणांचा वर्ग

त्या बुधवारी वर्लीन प्युरिफॉयला घास गिळवेना. दोन वाजता प्राध्यापकांची सभा होती.

अमेरिकेतल्या एरी सरोवराकाठच्या त्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात ती अकरा वर्षं विद्यार्थ्यांची सल्लागार होती. कोणी कुठला वर्ग घ्यायचा हे तिच्या टेबलाशी ठरायचं. नवीन आलेल्यांची गणिताची चाचणी व्हायची आणि त्यात कमी पडलेल्यांना पायाभूत गणिताच्या वर्गात पाठवायचे. एकामागून एक तीन सत्रं. फी पूर्ण, आणि पदवीत त्यातलं काहीच धरायचं नाही. त्या वर्गांत डोकावलं की निम्म्याहून जास्त मुलं काळ्या नाहीतर पोर्तोरिकन घरांतली दिसायची. सगळ्या कॉलेजात मिळून ती चौथाईसुद्धा नव्हती. तिसरं सत्र येईपर्यंत बाकं रिकामी व्हायची आणि कुणी विचारायचंही नाही की माणसं गेली कुठे.

समान संधी समितीचं काम दुसरं कुणी घेईना म्हणून वर्लीनने घेतलं होतं. दोन वर्षं खपून समितीने एक ठराव तयार केला: चाचणी बंद करायची, सगळ्यांना थेट कॉलेजच्या गणितात बसवायचं, आणि ज्यांना हवी त्यांना आठवड्याला दोन तास जादा मदत द्यायची. आज त्यावर मतदान होतं.

तिने कियांड्रा पेटवेला बोलायला तयार केलं होतं. कियांड्रा तेहतीस वर्षांची. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात नोकरी करून नर्सिंगसाठी धडपडत होती आणि पायाभूत गणिताच्या तिसऱ्या पायरीवर दोनदा अडकली होती. वर्लीनला वाटत होतं, आकडे बघून हलणार नाहीत ती माणसं कियांड्राला ऐकून हलतील.

सव्वा वाजता फोनवर कियांड्राचा निरोप आला. 'मिस वर्लीन, मला नाही जमणार.'

वर्लीन तशीच कोट चढवून बाहेर पळाली. कियांड्राची जुनी निळी गाडी आवारातच, मळक्या बर्फाच्या ढिगाजवळ उभी होती. इंजिन चालू होतं. वर्लीन दार उघडून शेजारी बसली.

"तिथे कितीजण असतील?" कियांड्राने समोर बघतच विचारलं.

"चाळीसेक."

"आणि काळे, आपल्यातले?"

"मला धरून चार."

"म्हणजे मी त्या छत्तीस जणांसमोर उभं राहून सांगायचं की बघा हो, मी दोनदा नापास झाले. त्यांनी च्च च्च करायचं. आणि पुढच्या सत्रात त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी वर्गात मी जाऊन बसायचं. तो कसा बघणार माझ्याकडे? हीच ती, असंच ना?"

कियांड्राने इंजिन बंद केलं.

"माझी पोरगी सातवीत आहे, मिस वर्लीन. तिला वाटतं मी नर्सिंगच्या वर्गात बसते. कुणी व्हिडिओ काढून टाकला म्हणजे?"

तोंडात मारल्यासारखं झालं वर्लीनला. तक्ते, भाषण, कोण कुठे बसणार, सगळ्याचा तिने विचार केला होता. ह्याचा केला नव्हता.

"नको येऊस," ती म्हणाली. "घरी जा."

"रागावलात?"

"नाही ग. मी विचारायलाच नको होतं."

"आणि माझं नाव?"

"नाही घेणार. तुझी गोष्टही नाही सांगणार."

शब्द तर देऊन बसली. आता हातात काय उरलं? ती जिना चढू लागली.

सभागृहात पहिल्याच रांगेत डेल ह्रोवाट बसले होते. एकोणतीस वर्षं पायाभूत गणित शिकवणारे. दर नाताळला सगळ्या कचेऱ्यांतून आईच्या हातचा अक्रोडाचा गोड रोल वाटणारे. वर्लीन एकोणीस वर्षांची असताना ह्याच कॉलेजात त्यांच्या वर्गात होती. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा त्यांनी तिला सबंध सत्रभर जेवणाच्या सुट्टीत शिकवलं होतं, आपलं सँडविच अर्धं तिला देऊन. ते नसते तर ती आज इथे नसती. तिला ते माहीत होतं, आणि सर स्वतःच गावभर सांगत असल्यामुळे गावालाही माहीत होतं.

ठराव वाचून झाला. आकडे दाखवून झाले. ह्रोवाट उठले.

"ह्यात माझ्यावर कुणी वर्णभेदाचा आरोप केलेला नाही, हे मला कळतं," ते म्हणाले. "पण ऐकायला तसंच येतं. पाया कच्चा असलेल्या पोरांना खोल पाण्यात ढकलायचं आणि त्याला न्याय म्हणायचं? बुडतील ती. माझे वर्ग माणसं वर काढतात. पुरावा इथेच बसलाय. विचारा वर्लीनला."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

तिने हसून मान डोलावली असती तर प्रसंग निभावला असता. ठराव पडला असता, पण सर दुखावले नसते. ती उठली तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.

"सर सांगतात ते खरं आहे. मला त्यांनी वर काढलं," ती म्हणाली. "आमच्या वर्गात सव्वीस जण होते. माझ्या शेजारी हेक्टर बेरिओस बसायचा. अपूर्णांक तोंडी करायचा, माझ्याआधी. पोलाद कारखान्यात त्याची पाळी बदलली आणि दुसऱ्या सत्रात तो गेला. पुढच्या बाकावर ओडेसा क्रम्प. तिला हिशेब तपासनीस व्हायचं होतं. तीन सत्रं पुरी केली तिने, तोवर शिकण्यासाठी मिळणारे सरकारी पैसे संपले. आज ती केस कापते. माझे केस तीच कापते." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "सव्वीसांतली मी एकटी पदवीपर्यंत पोचले. मी हुशार होते म्हणून नाही. सरांना जेवणाची सुट्टी एकच होती म्हणून. ती मला मिळाली. सर, मी पुरावा आहे, पण तुमच्या वर्गाचा नाही. तुमच्या त्या सुट्टीचा आहे. ती जादा मदत सगळ्यांना द्या, एवढंच ठराव म्हणतो."

ती खाली बसली. ह्रोवाटांनी मागे वळून बघितलं नाही.

मतं चिठ्ठ्यांवर झाली. मोजायला वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात ती तीनदा पाणी प्यायली. बावीस विरुद्ध अठरा. ठराव एक वर्षासाठी, आणि फक्त नर्सिंग आणि व्यवसाय शाखांपुरता मंजूर झाला.

ह्रोवाट तिला कॉरिडॉरमध्ये भेटले.

"मला एकट्याला सांगता आलं असतं तुला," ते म्हणाले.

"दोन वर्षं सांगत होते, सर. तुम्ही म्हणायचात, आकडे बाजूला ठेव."

"मला त्या बेरिओसचा चेहरासुद्धा आठवत नाही." ते टोपी हातात चुरगाळत होते. मग निघून गेले. तिला हाक मारावीशी वाटली, पण मारून म्हणायचं काय?

त्या वर्षी अक्रोडाचा रोल सल्लागार कचेरीत आला नाही.

कियांड्रा ऑगस्टमध्ये नव्या वर्गात बसली. आठवड्यातले ते दोन जादा तास तिने एकदाही चुकवले नाहीत. पास व्हायला शंभरात सत्तर लागायचे. पहिल्या परीक्षेत एक्केचाळीस पडले, तेव्हा वर्लीनला रात्री झोप आली नाही. ह्रोवाट म्हणाले होते तसं खोल पाण्यात ढकललं का आपण हिला? त्या नव्या वर्गातली उरलेली सत्तावीस माणसंही तिच्या डोळ्यांपुढे यायची.

डिसेंबरात निकाल लागला त्या दुपारी कियांड्रा कचेरीत आली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली.

"बहात्तर," ती म्हणाली.

"वर्गातले बाकीचे?" वर्लीनने विचारलं.

"मला धरून एकोणीस पास. नऊ राहिले." कियांड्राने पर्समधून च्युइंग गमची पट्टी काढून अर्धी तिच्यापुढे धरली. "त्या नऊ जणांतला एक माझ्या बाजूला बसायचा. डेव्हिन नाव त्याचं. पोरगा बरा आहे, पण लाजतो. त्याला पाठवू का तुमच्याकडे?"

"आत्ताच पाठव," वर्लीन म्हणाली.

"आत्ता तो कामावर असेल."

"मग नंबर दे." तिने फोन पुढे ओढला.