कोरड्या बर्फाचे तीन दिवस

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच कबूल करते, म्हणजे तुम्हाला माझ्या अंगावरचे ओरखडे मोजत बसायला नको. मी बर्फाची पेटी. रंग एके काळी नारिंगी होता. आता त्याला काय म्हणावं यावर कोणाचंच एकमत होत नाही.

कारखान्यात प्लास्टिकच्या दोन भिंती उभ्या केल्या, मधल्या पोकळीत फोम भरला आणि मी तयार झाले. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझं झाकण चार वेळा लावून उघडलं आणि म्हणाल्या, "छान बसतंय." तेवढ्या शाबासकीवर मी कारखान्याबाहेर पडले.

मला विकत घेतलं मावशीने. मावशी म्हणजे मुलांच्या शिबिराची स्वयंपाकीण. सगळं शिबिर तिला मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. दर सुट्टीत तळ्याकाठी तीन दिवस तंबू लागत. तिथे वीज नाही, दुकान नाही. माझ्यात बर्फाच्या लाद्या रचायच्या, झाकणाच्या कडेने रुंद चिकटपट्टी गुंडाळायची आणि वर दोन थापा मारायच्या, ही मावशीची रीत. पट्टी लावल्याशिवाय तिच्या जिवाला स्वस्थता नसे. एकोणीस वर्षं तिने असं शिबिर जेवू घातलं. त्यातली अकरा वर्षं मी तिच्यासोबत होते. "मावशीच्या पेटीतलं दूध सकाळी दातांना झिणझिण्या आणतं," असं मुलं म्हणायची, आणि मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

मग गेल्या वर्षीचा तो उन्हाळा आला. दुसऱ्या दिवशी दुपारीच बर्फाचं पाणी झालं. तिसऱ्या दिवशीच्या जेवणाचं चिकन त्या कोमट पाण्यात पडून राहिलं आणि घाईगडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. तीन मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मुलं बरी झाली, पण मावशीचं मन काही बरं झालं नाही. मला तिने माळ्यावर टाकलं. दहा महिने माझ्यात जुने बूट होते. बुटांशी माझं वैर नाही, पण त्यांचा वास अजून आठवतो.

या वर्षी शिबिराचे प्रमुख, सगळे ज्यांना मोठे सर म्हणतात ते, घरी आले. चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, "मावशी, ही शेवटची वेळ. तिसऱ्या दिवसाचं जेवण पुन्हा बिघडलं, तर पुढच्या वर्षीपासून डबाबंद जेवण आणायचं. मग स्वयंपाकघर लागणार नाही."

स्वयंपाकघर लागणार नाही म्हणजे मावशी लागणार नाही. हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. सर गेल्यावर तिने शिडी लावली, मला खाली काढलं, बूट अंगणात फेकले आणि साबण लावून मला असं घासलं, की सोलून काढते की काय असं वाटलं.

मावशीची भाची कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने सुचवलं, "मावशी, या वेळी साधा बर्फ नको. ड्राय आइस घे, कोरडा बर्फ. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो तो. त्याचं पाणी होत नाही, सरळ वायू होऊन उडून जातो. साध्या बर्फापेक्षा कितीतरी थंड."

"म्हणजे चिखल नाही, पाणी नाही?"

"नाही. पण त्याला नुसता हात लावायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते. जाड हातमोजे घालायचे. बंद गाडीत किंवा तंबूत ठेवायचा नाही, तो वायू साचला तर जीव गुदमरतो. आणि पेटी अगदी घट्ट बंद करायची नाही. वायूला बाहेर पडायला जागा हवी."

"हो गं, कळलं," मावशी म्हणाली.

कानांना कळलं होतं. हातांना कुठे कळलं होतं!

तळाशी दगडासारखं गोठवलेलं चिकन, त्यावर दुधाच्या बाटल्या, मग पुठ्ठा आणि सगळ्यांत वर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कोरड्या बर्फाच्या लाद्या. थंडी वरून खाली उतरते, म्हणून बर्फ वर. उघड्या टेम्पोत बसून मी तळ्याकाठी पोहोचले. मावशीने मला झाडाच्या सावलीत ठेवलं, तेव्हा माझ्या झाकणाच्या फटीतून पांढरं धुकं सांडत होतं.

"अगं बाई, सगळी थंडी वाया चालली!" असं म्हणून तिने पाणी काढायचं माझं बूच दाबून बसवलं आणि झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे घातले. वर दोन थापा.

मित्रांनो, आत लाद्यांचा वायू होत होता आणि त्याला वाट नव्हती. माझ्या भिंती बाहेर ढकलल्या जाऊ लागल्या. मी सगळं बळ लावून धरून ठेवलं, पण पेटीचं बळ ते किती! मला खरंच भीती वाटली. माझी नाही, चार हातांवर लगोरी खेळणाऱ्या मुलांची.

मावशी कांदा चिरत होती. माझ्या कोपऱ्यातून 'कर्र' असा आवाज आला आणि तिची सुरी थांबली. भांड्यांचे आवाज तिला माणसांच्या आवाजासारखे ओळखू येतात. तिने माझ्याकडे पाहिलं. सपाट भिंती चक्क गोल झाल्या होत्या.

"पोरांनो, पळा! त्या दगडापलीकडे! शिट्टी अडकलेला कुकर झालाय हा!"

मुलं लांब गेल्यावर तिने बाजूला उभं राहून, तोंड फिरवून, हात लांब करून माझं बूच खेचलं. फुस्स करून वायू सुटला. मग तिने पट्टी कापली. झाकणाच्या कोपऱ्याला तडा गेला होता. मावशीने त्या तड्यावरून बोट फिरवलं आणि मुलांना परत बोलावलं.

मुलांना ती गंमतच वाटली आणि मोठे सर तेव्हा पलीकडे तंबू बांधत होते. त्यांना काहीच कळलं नाही. मावशी गप्प बसली असती तर कधी कळलंही नसतं.

पण आता तिने कंबर कसली. माझ्यावर दोन घोंगड्या टाकल्या, बुचाची वाट मोकळी ठेवली. दिवसातून दोनदाच उघडायचं, तेही तिनेच. कोणी थंड पाणी मागायला आलं की, "तळं एवढं मोठं आहे, त्यात पाय बुडव," असं उत्तर मिळे. मीही हट्टाला पेटले. तडा गेला तर गेला, तिसरी संध्याकाळ गाठायचीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची आली, मुलांना प्रयोग दाखवायला. तिला थोडा बर्फ हवा होता. मावशीने मुठीएवढा तुकडा चिमट्याने काढला, दोनदा परत ठेवला आणि शेवटी दिला. कोमट पाण्याच्या घमेल्यात त्यातला अर्धा पडला आणि धुकं काठावरून उतरून गवतात पसरलं. साबणाचे फुगे त्यावर सोडले तर ते खाली न पडता तरंगतच राहिले. मुलं वेडी झाली. उरलेला चुरा बाटलीत टाकून तोंडाला फुगा लावला, तो आपोआप फुगत गेला.

एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "ताई, फुग्याच्या जागी घट्ट बूच लावलं तर?"

"बाटली फुटेल. काचा उडतील. असं कधीच करायचं नाही."

तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. "मी केलं काल." हातात पळी तशीच होती. "पेटीला पट्टी लावली. हिने बजावलं होतं तरी लावली. तुम्ही सगळे शेजारीच खेळत होतात. काही झालं नाही, हे नशीब."

प्रयोग बघायला आलेल्या मोठ्या सरांचा चेहरा उतरला. "मावशी, हे कालच सांगायला हवं होतं."

"हवं होतं. धीर झाला नाही."

"आणि उद्याचं जेवण?"

"उद्या संध्याकाळी पेटी तुम्ही उघडा, सर. खराब निघालं तर मी पातेली आवरते. पुन्हा यायची नाही."

तिसऱ्या संध्याकाळी सरांनी हातमोजे घातले. सगळे गोळा झाले. वर्तमानपत्राच्या घड्यांत बर्फाचे दोन चपटे तुकडे उरले होते, फक्त दोन. दुधाची बाटली सरांनी गालाला लावली आणि झटकन काढली. चिकनचा गोळा दगडावर आपटला, तर ठण्ण वाजला. मावशीने हुंदका दिला आणि लगेच ओरडली, "बघत काय बसलात? ते सुटायला वेळ लागेल, लाकडं आणा!"

जेवण उशिराच झालं. सरांनी दोनदा वाढून घेतलं. हात धुताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षी याल ना?"

"चिकन जमलं म्हणून?"

"नाही. काल सगळ्यांसमोर बोललात म्हणून."

मित्रांनो, मला घासून पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, माझ्यात बूट तर मुळीच भरू नका. आणि मला उघडण्याआधी झाकण वाचा. घरी परतल्यावर मावशीने लाल रंगाचा डबा आणला आणि तड्याच्या शेजारी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'कोरडा बर्फ असताना पट्टी लावू नये. मी लावली होती.' आणि खाली स्वतःचं नाव घातलं.