मधल्या डोलकाठीची गाठ

सोमशेखरच्या जहाजाचे दोर पाहिले की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू?

आम्ही शेजारी, दोघेही रिटायर. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, त्यानं तर एकदाही नाही. तरी आठ महिने आपापल्या घरी लाकडाचं हातभर शिडाचं जहाज बांधत होतो. वाचनालयातल्या काचेच्या कपाटात एकाच जहाजाला जागा होती आणि निवड रविवारी होणार होती. तो बँकेतला कारकून, मी बत्तीस वर्षं कापडाच्या मागावर. दोऱ्यातलं त्याला काय कळणार?

पण त्याचे दोर ताठ, कुठं तूस म्हणून नाही. मधमाशीचं मेण लावतो म्हणाला. पहिल्याच दिवशी मलाही सांगायला आला, "शरणप्पा, तुमी बी मेणच लावा. पिठाच्या खळीला झुरळं लागतील की."

मला सूत शिकवतो! मी मुद्दाम मक्याच्या पिठाची खळ शिजवली, मागावरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांना लावतात तशी, आणि सगळे दोर तिच्यातून काढले. काय कडक झाले!

शनिवारी सकाळी पाहतो तर निम्मे दोर तुटून लोंबत होते. जहाज उचललं आणि तसाच त्याच्या दारात गेलो.

"समोरासमोर जमत न्हाय म्हणून ब्लेड चालवलं व्हय?"

गल्ली गोळा झाली. सोमशेखरनं भिंग आणलं, दोरांची टोकं पाहिली, मग माझ्या जहाजावरची बारीक काळी घाण बोटानं दाखवली. "झुरळं हायत," एवढंच म्हणाला. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात त्याच्या टेबलाकडे नजर गेली. त्याच्याही जहाजाच्या मधल्या डोलकाठीचा वरचा दोर तुटला होता. खरं सांगतो, भर भांडणात मला आनंद झाला.

"काल ओढताना तुटला," तो म्हणाला. "नवा घालायचा तर खालचं सगळं उसवाय लागतंय. तुटका धागा जोडायची तुमची ती मागावरची गाठ मला जमंना. तुमच्याकडंच येणार होतो बगा. मारता का?"

ढिली मारली असती तर रविवारी सगळ्यांसमोर सुटली असती. मनात आलं, नाही कसं? दोन्ही टोकं चिमटीत धरली. पण बत्तीस वर्षं तुटका धागा जोडलेली बोटं ती. त्यांनी मला विचारलंच नाही. एका दमात गाठ बसली, तांदळाच्या कणीहून लहान.

कपाटात त्याचं जहाज लागलं. मी रोज पेपर वाचायला तिथं जातो. गाठ कुणालाच दिसत नाही, इतकी नीट बसलीय. सोमशेखर मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला काचेवर बोट ठेवून सांगतो, "ही गाठ आमच्या शरणप्पांची."

त्याचाच मला जास्त राग येतो.