छत्रीचं तोंड

सुमेधाने एकदाच, चुकून, "इथे करमत नाही" असं म्हटलं आणि आप्पांनी तो शब्द अलगद झेलला. तिला म्हणायचं होतं वेगळंच. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा चिंतामणी मुंबईत आणि ती पालीजवळच्या वाडीत, सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या घरी. तो गणपतीला आणि शिमग्याला पाहुण्यासारखा यायचा, आंबोळ्या खायचा आणि जायचा. आता त्याला डोंबिवलीला खोली मिळाली होती. पण 'मला नवऱ्याजवळ राहायचंय' हे सासऱ्याला तोंडावर कोण सांगणार? म्हणून ती म्हणाली, करमत नाही.

"करमत नाही होय?" आप्पा म्हणाले. "मग टीव्ही आणू."

सासूबाई गेल्यापासून त्या घरात चूल पेटवणारं दुसरं कुणी नव्हतं. खरं कारण ते होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघंही त्याचं नाव काढत नव्हते.

तर टीव्ही आला. पण वाडीच्या चारी बाजूंनी डोंगर, साध्या अँटेनावर पडद्यावरच्या मुंग्यांपलीकडे काही दिसेना. मग कुणीतरी सांगितलं की आता आभाळातल्या उपग्रहावरून थेट चित्र घेता येतं. आप्पा हट्टाला पेटले. पौषात एस.टी.च्या टपावरून लोखंडी पट्ट्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचं भेंडोळं, एक बंद डबा आणि एक इंग्रजी पुस्तिका पालीच्या स्टँडवर उतरली. घरापुढच्या खळ्यात चिऱ्याचा चौथरा बांधला, त्यात पाईप रोवला आणि त्यावर दहा फुटी जाळीची तबकडी चढली. वाडीने तिचं नाव ठेवलं छत्री.

काम सुरू करण्याआधी देवीला गाऱ्हाणं घालायचं, हा तिथला रिवाज. विहिरीला घालतात, लग्नाला घालतात, मग छत्रीला का नाही? केरू हा गावचा मानकरी. गाऱ्हाणं घालावं तर त्यानेच. नारळ हातात धरून त्याने सुरुवात केली.

"आई, आज आप्पांनी ही छत्री हुबी केलीय. शिमग्याच्या आत हिच्यात चित्र येऊं दे आनी वयनी ह्या घरात सुखानं नांदूं दे! आनी नाय आला चित्र, तर आप्पा तिला मुंबयला धाडतील, असा त्येंनी कबूल केलाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

सुमेधाही ओरडली. तोंडाला सवयच तशी. ओरडून झाल्यावर तिला कळलं, आपण कशाला हो म्हटलं ते.

आता ती छत्री तोंड करून उभी राहिली, ते मुंबईकडे. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मनीऑर्डर मुंबईहून येते, पत्र मुंबईहून येतं, माणूस मुंबईहून येतो, मग चित्र काय कोल्हापुराहून येणार? केरू आणि वाडीतला बाबल्या छत्री बोटभर डावीकडे फिरवत, बोटभर उजवीकडे फिरवत, आणि पडवीतून आप्पा विचारत, "आलं का?" पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

इंग्रजी पुस्तिका आप्पांनी हळदकुंकू वाहून देवघरात ठेवली होती. तिसऱ्या दिवशी देवघर पुसताना सुमेधाने ती उघडली. लग्नाआधी ती दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती, पण हे त्या घरात कुणाच्या लक्षात असायचं कारण नव्हतं. चौथ्या पानावर आकृती होती. उपग्रह कुठे होता? जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेला. मुंबई होती उत्तरेला. म्हणजे तबकडी आडवी, थाळीसारखी आभाळाकडे उघडी हवी, आणि यांनी ती सुपासारखी उभी करून भलतीकडेच धरली होती.

तिने पुस्तिका मिटली, तिच्यावर फूल ठेवलं आणि चुलीवर भात ठेवायला गेली.

त्यानंतरचा दीड महिना तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. चूक डोळ्यांसमोर ढळढळीत उभी, आणि तोंड उघडायची सोय नाही. बोललं तर जन्मभर इथेच, गप्प राहिलं तर डोंबिवली. आप्पा उन्हात शिडीवर चढत, कोपऱ्याकोपऱ्याला जाळी ताणत. ती खाली चहा घेऊन उभी राही आणि स्वतःवर मनोमन चिडे. बागेत कलमांवर कैरी धरली होती, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. मोलाने कामाला येणारी गोदा काम आटोपलं की पडवीत बसून मुंग्या बघत राही. तिचा मुलगा रघू दोन वर्षांमागे मुंबईला गेला होता. एक वर्ष झालं, त्याचं पत्र नव्हतं.

"वयनी, मुंबय दिसाय लागली म्हंजे त्यो पन दिसल, नाय?"

सुमेधा म्हणे, "बघू."

शिमग्याला चिंतामणी आला. छत्रीला प्रदक्षिणा घालून हसला. "आप्पा, हे असलं खेड्यात लागत नसतं." दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी दोघांना बोलावलं.

"पालखी उद्या घरी यायची. मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पालखी झाली की घेऊन जा हिला."

सुमेधाने ट्रंक भरली. साड्या, पोथी, लग्नाआधीची कंपासपेटी, सगळं. कडी लावली. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. डोंबिवलीच्या खोलीला खिडकी आहे का, एवढंच तिने चिंतामणीला विचारलं.

बाराच्या सुमाराला ती पाणी घेऊन खळ्यात आली. आप्पा एकटेच शिडीवर बसून जाळीच्या तारा सोडत होते. अंगठ्यातून रक्त येत होतं. पाणी प्यायले आणि भांडं परत देताना म्हणाले, "गेलं तर गेलं. पण चुकलं कुठे, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं गो."

दीड महिन्यात तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं. हे पहिलंच. आणि मास्तरीण ती मास्तरीण. समोरून प्रश्न आला, उत्तर येत होतं, आणि मुकाट राहणं तिच्याने होईना. शिवाय ट्रंक भरलेली होती, आप्पांनी शब्द दिला होता. आता सांगायला काय हरकत?

"तोंड चुकलं, मामंजी. मुंबईकडे नको. तिथे हवं." तिने वर बोट केलं. "आत्ता सूर्य आहे ना, जवळजवळ तिथेच."

"दक्षिणेला? यमाच्या दिशेला?"

"उपग्रहाला यम माहीत नसतो."

आप्पा शिडीवरून उतरले. मग त्यांनी केरूला हाक मारली. सुमेधाने ट्रंकेची कडी काढली, तळातून कंपासपेटी उपसली, कोनमापकाला दोरा आणि खडा बांधला. सुटलेल्या तारा पुन्हा बांधून केरू आणि बाबल्या छत्री कलती करत गेले, ती खालून सांगत गेली. अजून. अजून. थोडं मागे. मूर्ख बाई! हात थांबव, असं तिला आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं, पण कोन जुळत आला होता आणि जुळत आलेला कोन तिला सोडवेना.

पडवीतून गोदा किंचाळली, "मानूस! मानूस आला!"

पडद्यावर चष्मेवाला एक प्राध्यापक फळ्यावर आलेख काढत होता आणि इंग्रजीत बोलत होता. दिल्लीहून कॉलेजच्या मुलांसाठी लागणारा कार्यक्रम. चित्र इतकं स्वच्छ, की त्याच्या कोटावरचा खडू दिसत होता. घटकाभरात अख्खी वाडी खळ्यात जमली. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. सुमेधालाही आनंद झाला, खोटं कशाला सांगा, तिला अगदी मनापासून आनंद झाला.

मग केरूने टोपी सारखी केली. "आईनं कौल दिला, आप्पा. उद्या पालखी दारात येयाची. शिमग्याच्या आत चित्र आला. वयनी हितंच."

"व्हय म्हाराजा!"

सुमेधाने आप्पांकडे बघितलं. सकाळचा शब्द त्यांना आठवत होता, ते दिसत होतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या कोनमापकाकडे.

"देवीपुढे बोललोय मी, पोरी," ते हळू म्हणाले. "आणि तू गेलीस तर हे वाऱ्याने हललं की जागेवर कोण आणणार? कुणाला कळतंय इथे यातलं?"

तिने चिंतामणीकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. "खरंच की," तो म्हणाला. "आणि तुला आता करमेलही."

पालखी नाचली, शिमगा झाला. चिंतामणी सकाळच्या गाडीने एकटा गेला. दुपारी गोदा नेहमीसारखी पडवीत येऊन बसली. प्राध्यापक फळा पुसत होता.

"वयनी, ह्येच्यात मुंबय कधी लागल वं?"

"माहीत नाही गोदा," सुमेधा म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून तीही वाट बघू लागली.