एकोणीस एक आणि वरचा एक

मी एक फार जुनी संख्या आहे, मित्रांनो. किती जुनी म्हणाल, तर मोजणारं कोणी नव्हतं तेव्हाही मी होतेच. मला कोणी भट्टीत घातलं नाही की ठोकून आकार दिला नाही. वहीत ओळीने एकोणीस एक लिहा, झाले मी! उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, मी तीच.

आता स्वतःचं कौतुक स्वतःच करते, त्याला काय करणार? जुन्या लोकांनी एकं, दहं, शतं करत जागांना नावं दिली. ती अठराव्या जागेवर, परार्धापाशी संपली. माझा पहिला एक त्याच्याही पलीकडे उभा असतो. सेकंदाला एक असं मोजत माझ्यापर्यंत यायचं म्हटलं, तर पस्तीस अब्ज वर्षं लागतील. आणि मी मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून कोणीही मला भागून बघावं, बाकी उरतेच. नुसत्या एकांच्या आमच्या घराण्यात अकराही असाच आहे. पण त्याच्या आणि माझ्या मधले सगळेच्या सगळे फुटतात.

कोणी मनात आणलं की मला जाग येते. नाहीतर मी आपली धुक्यात पडून असते. वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही आणि मला वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

मग कोल्हारच्या एका शाळेतल्या स्टेलाबाईंनी मला उचललं. एकोणतीस वर्षं त्या गणित शिकवत होत्या. वर्गात मला फळ्यावर मांडायच्या आणि म्हणायच्या, "मुलांनो, हिला फोडून दाखवा बरं!" मुलं पानंच्या पानं भरायची. प्रवरेवरून वारा यायचा, खडूची धूळ उन्हात तरंगायची आणि मी फळ्यावर निवांत पहुडलेली असायची. काय दिवस होते ते!

अलीकडे मात्र बाई विसरायला लागल्या. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायच्या. त्यांना त्याची फार भीती वाटायची. म्हणून रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या माझे एकोणीस एक बोटांवर म्हणायच्या. बरोबर आले की हुश्श करायच्या. "अजून डोकं शाबूत आहे," असं स्वतःशीच पुटपुटायच्या. मला त्या वेळी इतकी माया यायची की काय सांगू.

या एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या. मुलांनी ठरवलं, मला शाळेच्या भिंतीवर रंगवायचं. दहावीतल्या अश्विनीचे वडील, मच्छिंद्र, पाट्या आणि ट्रॉल्या रंगवतात. बाईंनी अश्विनीला सांगितलं, "वडलांना सांग, एकोणीस एक." तिने घरी तसंच सांगितलं.

निरोपाच्या दिवशी अख्खा गाव जमला. बाईंनी भिंतीवरची चादर ओढली. टाळ्या पडल्या. बाई माइकवर हसत म्हणाल्या, "शेवटचं विचारते. आहे कोणी हिला फोडणारं?"

अश्विनी उठली. खडूने दोन-दोन एकांभोवती गोल करत गेली. खरं तर शेवटी एकाने एकटं उरायला हवं होतं. पण बरोबर दहा जोड्या झाल्या.

"बाई," ती चाचरत म्हणाली, "सगळे अकराच आहेत. ही तर अकरानं भागली जाते."

अहो, भिंतीवर माझ्या नावाने दुसरीच कोणीतरी उभी होती! वीस एकांची! मला ओरडावंसं वाटलं. पण मला कुठे तोंड आहे?

बाईंनी बोट नाचवत मोजलं. वीस. त्यांचा चेहरा उतरला.

"अश्विनी, मी तुला वीस सांगितले होते का गं?"

"न्हाई बाई... एकोणीसच... मला वाटतं."

मागून कोणीतरी कुजबुजलं, "बाईंचं वय झालं आता." ते बाईंना ऐकू गेलं. त्या खुर्चीत बसल्या आणि बोटांवर एक-एक म्हणू लागल्या. सातव्यालाच अडखळल्या. मी त्यांच्या ओठांवरून निसटत होते, मित्रांनो. मला रडू येत होतं.

तेवढ्यात मच्छिंद्रची आई गोजरबाई उठली. पेरू शेकड्यावर विकले जायचे तेव्हा बागेत मोजणीला हिचाच हात असायचा. "मच्छिंद्रा, खरं बोल. वर टाकलास व्हय?"

मच्छिंद्र मान खाली घालून पुढे आला. "व्हय. बाई, तुमी एकोनीसच सांगितल्ते. पर आमच्यात शंभर पेरू मोजले की वर एक टाकत्यात. तुमी माझ्या पोरीला शिकवली. तुमाला मोजून-मापून कसं द्यायचं? म्हनून वर एक टाकला. लई चुकलं माझं."

"म्हणजे मी विसरले नव्हते?" बाईंनी विचारलं.

"अजिबात न्हाई."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या हसल्या ते हसतच राहिल्या.

आता विसावा एक पुसायचा तर मच्छिंद्रचा हात धजेना. दिलेला वरचा परत घेत नाहीत ना! गोजरबाईनेच त्याला झापलं, "येड्या, वरचा ढिगात न्हाई टाकायचा. गिऱ्हाइकाच्या वटीत टाकायचा!"

मग त्याने विसाव्या एकावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि बारीक ब्रशने एक निळा एक बाईंच्या चष्म्याच्या डबीवर काढून दिला. अश्विनीने पुन्हा गोल केले. नऊ जोड्या, आणि शेवटचा एकटा.

मित्रांनो, मी अजून त्या भिंतीवर आहे. उन्हाने माझा रंग उडेल, त्याचं मला काही नाही. मी कुठेही जात नाही. जपायचं असेल तर माझ्या बाईंसारख्या माणसांना जपा. त्यांचं काही चुकलंसं वाटलं की लगेच "विसरलात" म्हणू नका. आधी एकदा नीट मोजून बघा.