लेकीचे संवाद

बाबांनी ऑडिशनला जायचं नक्की केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, की शर्ट इस्त्रीचा काढू की चुरगळलेला. नटाच्या बायकोला असेच प्रश्न पडतात. फिरस्तीवरून घरी परतलेल्या बापाचा प्रसंग होता, म्हणून बाबांनी चुरगळलेला मागितला, आणि तो अंगात घातल्यावर आरशासमोर उभं राहून हाताने आणखी थोडा चुरगळला.

त्यांना बाबा म्हणणारी त्यांची मुलगी एकटी नव्हती. लाइटवाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळा धंदाच त्यांना बाबा म्हणायचा. ऐन तिशीत त्यांना पहिला मोठा रोल मिळाला, तोच बापाचा. ठरलेला नट आयत्या वेळी रुसून घरी बसला होता. मग गर्दीच्या सीनसाठी आलेल्या या उंच, खर्जातल्या आवाजाच्या तरुणाला पुढे ओढलं आणि मेकअपमनने त्याच्या केसांत मूठभर पांढरी पावडर चोळली. सिनेमातला मुलगा त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होता. पण त्याने गळ्यात पडून असा काही हंबरडा फोडला, की प्रेक्षकांपैकी कुणाला शंकासुद्धा आली नाही. तिथून पुढे हिरो बदलले, हिरॉइनी बदलल्या, बाप तोच राहिला. बाबांनी मुलांना घराबाहेर काढलं, मुलींना परत घरात घेतलं, कोर्टात कोसळले, दवाखान्यात डोळे मिटले आणि पुढच्या सिनेमात ठणठणीत हजर झाले. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून 'मी आहे ना' म्हणावं तर बाबांनीच, अशी त्यांची ख्याती होती. पुढे केस खरोखरच पांढरे झाले आणि पावडरीचा खर्च वाचला.

अशा माणसाची मुलगी पहिला सिनेमा करणार, कथा तिने स्वतः लिहिलेली, आणि कथेत एक बाप. मग तो कोण करणार, हे कुणी विचारायचीही गरज नव्हती. बाबांनीही विचारलं नाही. दुसऱ्या एका निर्मात्याला सरळ नाही सांगून त्यांनी महिना मोकळा ठेवला. आणि एक दिवस जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, मंगळवारी ऑडिशन आहे. सकाळी या."

"कुणाची?"

"तुमची."

बाबांचा घास हातातच राहिला. "माझी परीक्षा घेणार तू?"

"सगळ्यांची घेते. डॉक्टरही येणार आहेत."

डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हे. तोही नटच, बाबांच्याच वयाचा. त्याने उभा जन्म ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येऊन चष्मा काढण्यात घालवला होता. कुणाचाही नातेवाईक मरो, बातमी द्यायला हाच. बाबांचं त्याच्याबद्दलचं मत असं होतं, की चष्मा चांगला अभिनय करतो, माणूस मध्ये येतो.

राग आला नाही असं बाबा म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं. पण रागापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांना हा रोल हवा होता. आजवर दुसऱ्यांच्या पोरांनी त्यांना बापाचे रोल दिले होते. हा त्यांना आपल्या लेकीच्या हातून घ्यायचा होता, आणि तिने तो बाप म्हणून नव्हे तर पारखून दिला तर अधिकच बरं, अशी त्यांनी दोन घास गिळेपर्यंत मनाची समजूतही घातली. मिळणार तर होताच. डॉक्टरशी सामना म्हणजे काय, बाबांच्या मते तो सामनाच नव्हता.

ऑडिशनची खोली एका फर्निचरच्या दुकानावर होती. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांवर जाड कांबळी टांगली होती, आणि पंख्याचा आवाज यायला नको म्हणून पंखा बंद होता. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली, समोर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे घामाने डबडबलेला कॅमेरामन. त्याच्या शेजारी बुटक्या स्टुलावर मुलगी बसली होती. घरी पायाची घडी घालून बसणारी ही पोर इथे पाय घट्ट रोवून बसते, हे बाबांना नवीन होतं.

समोरच्या पात्राचे, म्हणजे कथेतल्या मुलीचे, संवाद वाचायला प्रॉडक्शन मॅनेजरला उभं केलं होतं. गृहस्थ हिशेबात पक्का, पण वाचायचा असा, की औषधाच्या बाटलीवरच्या सूचनाच वाचतोय. बाबांना त्याने काही फरक पडला नाही. समोर खांब उभा केला असता तरी ते रडून दाखवू शकले असते. त्यांनी बॅग खाली ठेवली, दमलेलं हसू आणलं, आवाज नेमका हवा तिथे जड केला, आणि मॅनेजरच्या दोन डोळ्यांपैकी कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यात बघत सगळा सीन एका दमात काढला. कॅमेरामनने मान डोलावली.

"छान," मुलगी म्हणाली. "थँक्यू, बाबा."

बाबांना या शब्दाची चांगली ओळख होती. 'छान' म्हणजे निर्मात्यांच्या भाषेत 'कळवतो'. ते बाहेर जायला निघाले, पण दारातून डॉक्टर आत येताना दिसला आणि ते भिंतीला टेकून तिथेच थांबले. बघायला काय हरकत आहे, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं.

डॉक्टर घाबरला होता. चष्मा दोनदा पुसून झाला. मॅनेजरने सूचना वाचायला सुरुवात केली तसा तो अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. तिसऱ्यांदा तर त्याने चुकून चष्माच काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

यावर बाबांनी खूश व्हायला हवं होतं. क्षणभर झालेही. पण त्यांची एक जुनी खोड आड आली. सिनेमात कॅमेरा एका वेळी एकावर असतो. दुसऱ्याने कॅमेऱ्यामागे उभं राहून आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे पहिल्याला उत्तर देता येतं. याला क्यू देणं म्हणतात. मोठे लोक आपला चेहरा टिपून झाला की निघून जातात आणि क्यूला कुणालाही उभं करतात. बाबा कधी गेले नव्हते. ताप असो, घरी पाहुणे असोत, समोर काल आलेलं पोरगं असो, त्यांनी अर्ध्या मनाने क्यू दिला असं कुणी दाखवून द्यावं. या गोष्टीचा त्यांना आपल्या सगळ्या गाजलेल्या रोलपेक्षा जास्त अभिमान होता. आता हा मॅनेजर भर खोलीत क्यूचा मुडदा पाडत होता आणि बाबांना ते बघवेना.

गप्प बस, असं त्यांच्यातला शहाणा माणूस म्हणाला. तोवर त्यांनी मॅनेजरच्या हातातले कागद घेतलेही होते.

"सरका. मी देतो."

मुलीने मान वर केली. "बाबा, ते मुलीचे संवाद आहेत. बारा वर्षांच्या."

"क्यूला वय नसतं."

ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. काहीतरी म्हणावं की नको, असं तिला झालं असावं. मग म्हणाली, "द्या."

इथे एक सांगायला हवं. बाबांनी ही कथा मुलीकडून घेऊन वाचली होती, पण नट वाचतात तशी. आपली वाक्यं पूर्ण, आणि समोरच्याची फक्त शेवटची दोन-चार अक्षरं, आपली पाळी कधी येते ते कळण्यापुरती. धंद्यात सगळे असंच वाचतात. त्यामुळे कथेतली मुलगी बापाला काय म्हणते, ते बाबा आत्ता पहिल्यांदाच वाचत होते, आणि तेही मोठ्याने.

डॉक्टरने बॅग घेऊन प्रवेश केला. "बघ तरी, तुझ्यासाठी काय आणलंय."

बाबांनी आवाज हलका केला. "तुम्ही येणार असलात की आई घर आवरते. मग मलाही आवरते. तुम्ही गेलात की आम्ही पुन्हा पसारा करतो. मला पसारा आवडतो."

"अगं, मग मी असतानाही कर की पसारा."

"तुम्ही गंमत सांगता आणि थांबता. आम्ही हसेपर्यंत थांबता. मी हसते, कारण आई हसते."

कथेतला बाप फिरता विक्रेता होता. पण गंमत सांगून हशासाठी थांबणारा विक्रेता बाबांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला होता तो आपल्याच जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस, शूटिंगवरून आलेला, किस्सा संपवून डाव्या-उजव्या बाजूला बघणारा. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. पण क्यू देणाऱ्याने रडायचं नसतं, आवाज रेकॉर्ड होतो. त्यांनी पुढची ओळ घेतली.

"मला ताप होता तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, मी आहे ना. मी रात्रभर फोन उशाशी घेऊन झोपले. मग एकदा तुमच्याबरोबर दुकानात आले, तर गिऱ्हाइकालाही तुम्ही तेच म्हणालात. तसंच. त्याच आवाजात."

बाबांनी हे वाक्य जसं द्यायला हवं तसं दिलं. कुठेही जोर नाही, कुठेही कढ नाही. आणि समोर डॉक्टर चष्मा विसरला. बॅग त्याच्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना. तो तसाच अवघडून उभा राहिला, आणि बापाचं शेवटचं वाक्य, "मी पुढच्या वेळी नीट येईन," त्याने इतक्या लहान आवाजात म्हटलं, की ते पुढच्या वेळीही होणार नाही हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

"कट," मुलगी म्हणाली.

डॉक्टर सरळ बाबांकडे आला आणि त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होता म्हणून झालं, बाबा. नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

"तुमचंच झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांना ते म्हणायला फारसा त्रास झाला नाही. चांगलं काम समोर झालं की ते त्यांना अंगात ताप यावा तसं कळायचं. हे चांगलं झालं होतं.

मुलीने बाकीच्यांना चहाला पाठवलं. कॅमेरामन राहिला.

"तुमच्या वेळी क्यू नीट नव्हता," ती बाबांना म्हणाली. "तो तुमच्यावर अन्याय झाला. पुन्हा करा. आता क्यू मी देते."

बाबा फुलीवर उभे राहिले. तिने कागद घेतला नाही. घर आवरण्याचं म्हणाली, पसाऱ्याचं म्हणाली, गमतीचं म्हणाली, आणि बाबांनी मधली आपली वाक्यं बिनचूक टाकली. मग ती तापाचं म्हणाली. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून, हात खिशात घालून, डोळ्यांत पाणी न आणता, सगळं शेवटपर्यंत म्हणाली. आता बाबांची पाळी होती. पुढच्या वाक्याच्या किमान पाच तऱ्हा त्यांच्याजवळ तयार होत्या, आणि पाचही टाळ्या घेणाऱ्या होत्या. त्यांना एकही वापरावीशी वाटली नाही.

मुलीने कट म्हटलं नाही. ती वाट बघत राहिली.

"ते मी तुलाच म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "सिनेमात म्हणायचो ती गोष्ट वेगळी. तापात म्हणालो ते तुलाच."

"हे कथेत नाहीये, बाबा."

"माहीत आहे. कॅमेरा बंद कर म्हणावं."

कॅमेरामनने कॅमेरा बंद केला आणि शहाण्यासारखा तोही चहाला गेला.

"रोल डॉक्टरला दे," बाबा म्हणाले.

"मी अजून काही ठरवलेलं नाही."

"मी ठरवलंय. इतकी वर्षं हे काम करतोय, कुणाचं चांगलं झालं तेवढं मला कळतं. त्याला बॅग कुठे ठेवावी ते कळेना. मी पहिल्याच झटक्यात खाली ठेवली होती, आणि कॅमेऱ्यात दिसेल अशी ठेवली होती. तुझ्या बापाला ती ठेवता यायला नको."

मुलीचा चेहरा जरा हलला. "तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटणारच. जास्तीत जास्त आठवडाभर वाटेल. हा एक बाप गेला म्हणून मी काही घरी बसत नाही. शूटिंगला मात्र रोज येणार आहे, आधीच सांगून ठेवतो. त्या पोरीचा क्यू त्या मॅनेजरच्या हाती देशील तर याद राख."

ती हसली. खरंच हसली, आणि बाबा त्यासाठी थांबले नव्हते. मग तिने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, आणि स्टुलावर बसली. कांबळ्यांमागे रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं.

"बाबा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला कुठला ताप आठवतोय?"

बाबांनी आठवून बघितलं. त्यांना फोन आठवत होता. आपलं वाक्य आठवत होतं.

"बरेच होते," ती म्हणाली.

बाबांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर आणून ठेवली.

"मग पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.